कमी पाण्याची झाडं

"तिला कशाला मारताय?"

मागून आवाज आला तशी ती दचकली. हातात कुंडी होती. मोठाल्या पानांची, गुबगुबीत, निळ्या फुलांच्या झुबक्यांनी वाकलेली. सबंध रोपवाटिकेत तिला तेवढंच एक झाड मनापासून आवडलं होतं.

"मारतेय कुठं? विकत घेतेय."

"ते एकच झालं. नळाला दिवसाआड पाणी, बागेला नळी लावायला बंदी, आणि या बाईसाहेबांना दिवसातून दोनदा प्यायला लागतं. एक वेळ चुकली की मान टाकतात. इथं माहेरी सुखात आहेत, राहू द्या."

तिला हसायचं नव्हतं, पण हसू आलं. वळून पाहिलं तर उन्हानं रापलेला एक उंच माणूस उभा होता. कोपरापर्यंत माती, कपाळावर मातीचाच एक पट्टा. घाम पुसताना लागलेला असावा, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

"तुम्ही इथं कामाला आहात?"

"इथं काम करत असतो तर ही कुंडी तुमच्या गळ्यात नसती का मारली? मी लोकांच्या बागा लावून देतो. कमी पाण्याच्या. म्हणून तर सध्या कुणी मला जेवायला बोलावत नाही. सगळ्यांना हिरवंगार हवं असतं."

ती कुंडी त्यानं हलकेच तिच्या हातातून काढून जागेवर ठेवली आणि तो तिला मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथं सावली नव्हती. राखाडी, बारीक पानांची, धुळीत लोळून आल्यासारखी रोपं रांगेनं उन्हात उभी होती.

"ही?" तिचा चेहराच पडला. "आजारी दिसताहेत."

"आजारी नाहीत. पानांवर बारीक लव आहे. ऊन परतवून लावायला. एक पान घ्या... घ्या हो, चावत नाही. चुरगाळा."

तिनं चुरगाळलं. आणि बोटांतून असा काही वास वर आला की तिचे डोळे आपोआप मिटले. स्वच्छ, थोडा कडवट, धुतलेल्या सुती कपड्यांना उन्हात येतो तसा.

"बाबांना आवडेल," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "त्यांना आता फारसं दिसत नाही. काचबिंदू आहे. मी खरं तर वास येणारं काहीतरी न्यायला आले होते."

तो थट्टेच्या पवित्र्यात उभा होता, त्यानं कमरेवरचे हात खाली घेतले. मग म्हणाला, "मग हे तर आधी सांगायचं नाही का?"

त्या वर्षी उन्हाळा नेहमीपेक्षा लवकर आला होता आणि जायचं नाव घेत नव्हता. घराच्या समोरच्या तुकड्यात आईनं वाढवलेली हिरवळ कधीच वाळून गेली होती. आई जाऊन दुसरं वर्ष चाललं होतं. बाबा रोज संध्याकाळी ओसरीत खुर्ची टाकून त्या पिवळ्या तुकड्याकडे तोंड करून बसत. दिसत नव्हतं हे एका परीनं बरंच होतं, असं तिच्या मनात येई, आणि मग असं मनात आल्याचं वाईट वाटे. सकाळी बाबांच्या डोळ्यांत थेंब घालायचे, दिवसभर औषधांच्या दुकानात चिठ्ठ्या वाचून गोळ्या द्यायच्या, संध्याकाळी परत थेंब. तिच्या वयाच्या मैत्रिणी एकेक करून लग्नं होऊन गेल्या होत्या. तिला कुणी विचारलं की बाबा म्हणत, "हिचं काय, ही कुठंही निभावून नेईल." ते कौतुक होतं. पण ते ऐकलं की ती उगाच भांडी आवरायला उठे.

तर रोपवाटिकेतच तिनं घरची बाग लावून द्याल का विचारलं, आणि तो घरी आला. आल्या आल्या त्यानं जमिनीत सळई खुपसून पाहिली, मातीचं ढेकूळ मुठीत दाबलं आणि तोंड वाकडं केलं.

"चिकण माती. पाणी धरून बसते. या झाडांना तहान चालते, ओले पाय चालत नाहीत."

मग खडी आली, वाळू आली. त्यानं मातीत ती कालवून लहान लहान उंचवटे केले आणि रोपं त्या उंचवट्यांच्या माथ्यावर लावायची ठरवली. कुंपणाशी कण्हेर आणि बोगनवेल, मध्ये टणटणी आणि सदाफुली, आणि फाटकापासून ओसरीपर्यंतच्या वाटेच्या दोन्ही अंगांना ती राखाडी, वासाची रोपं, रोझमेरी आणि लॅव्हेंडर. अगदी वाटेला चिकटून, म्हणजे येता-जाता बाबांची पँट घासेल आणि वास उठेल.

सुट्टीच्या दिवशी तीही हाताखाली बसली.

"कुंडीत मुळं गोल गोल फिरलेली असतात," रोप उलटं करून तो दाखवत होता. "ती अशी मोकळी करायची. नाही केली तर जमिनीत लावूनही ती कुंडीएवढ्याच जागेत फिरत राहतात. बाहेर जागा आहे हे त्यांना कळतच नाही."

"कुणाला उद्देशून बोलताय?"

"रोपाला."

"रोपाकडे बघून बोला मग."

त्यानं रोपाकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या... उन्हानं असतील.

ओसरीतून बाबा ओरडले, "अगं, त्या वाळवंटाला सरबत दे! सकाळपासून खणतोय."

तेव्हापासून त्याचं नाव वाळवंटच पडलं. तो तिला 'औषधबाई' म्हणू लागला. फाटक वाजलं की बाबा खुर्चीतूनच वर्दी देत, "तुझं वाळवंट आलं गं!" आणि ती आतून म्हणे, "माझं काय म्हणून? बागेचं आहे!" एवढं बोलून आरशासमोरून दोनदा जाऊन मगच बाहेर येई.

लावून झाल्यावर त्यानं तिला पाण्याचं सांगितलं. "पहिलं वर्ष पाणी लागतं. पण आठवड्यातून एकदाच, मुळापर्यंत जाईल असं. मधे नाही. दुपारी ती माना टाकतील. टाकू द्या. रात्रीत सावरतात. सकाळी बघायचं, संध्याकाळी नाही बघायचं."

"मी घरीच संध्याकाळी येते."

"मग डोळे मिटून या."

"आणि फाटकात पडले तर?"

"तर मी आहे ना..." तो बोलून गेला, आणि मग दोघंही खडीकडे बघत राहिले.

हे 'मी आहे' किती दिवसांचं, हे मात्र त्याच्या हातात नव्हतं. त्यानंच एकदा पायरीवर बसून सरळ सांगून टाकलं. त्या रस्त्यावरच्या सगळ्या घरांच्या पुढच्या जागेचं काय करायचं हे वसाहतीची समिती ठरवणार होती. एका बाजूला सिमेंटच्या फरश्या, दुसऱ्या बाजूला त्याच्या बागा. नमुना म्हणून समिती हीच बाग पाहायला येणार होती. काम मिळालं तर त्याला गाव सोडायला नको. नाही मिळालं तर लांब, खाणींनी खरवडलेल्या डोंगरांवर झाडं लावायचं काम त्याची वाट बघत होतं. तिथून माणसं वर्षानुवर्षं परतत नसत. राहायला तंबू, जवळ गाव नाही, दवाखाना नाही.

"काम मिळालं," तो बुटाची नाडी उगाच सोडत, बांधत म्हणाला, "तर तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर नाही विचारणार. तंबूत राहणाऱ्या माणसानं असल्या गोष्टी विचारू नयेत."

तिनं पायरीवरची खडी वेचून परत वाटेवर टाकली.  ओसरीत बाबांनी रेडिओचा आवाज एकदम कमी केला होता, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

मग तो डोंगरावरची जागा पाहायला म्हणून काही दिवस गेला. समिती येण्याच्या आदल्या दिवशी परत येतो म्हणाला. आणि नेमकी तेव्हाच उन्हाची लाट आली.

दुकानातून घरी येऊन तिनं फाटक उघडलं आणि ती तिथंच थबकली. वाटेच्या दोन्ही बाजूंना लॅव्हेंडर लोळागोळा होऊन पडलं होतं. डोळे मिटून यायचं, त्यानं सांगितलं होतं. ती तशीच आत गेली. चहा केला, बाबांचे थेंब घातले, परत बाहेर आली. झाडांच्या माना तशाच खाली. तिनं भाजी धुतलेलं पाणी आणलं आणि ती स्वतःशीच म्हणाली, एकच तांब्या. फक्त या एकाला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना. तिसऱ्या दिवशी तिला दिसलं की उंचवट्यावरून पाणी घसरून जातंय. मग गुडघ्यांवर बसून तिनं प्रत्येक रोपाभोवती बोटांनी सुबक आळं केलं, लहानपणी आईनं शिकवलं होतं तसं. पाणी आळ्यात थांबलं, हळूहळू मुरलं. तिला इतकं शांत वाटलं, की काय सांगावं. बाबा त्या वेळी आत बातम्या ऐकत असत. बाबांना कळायला नको, उगाच ओरडतील.

आणि बाबा? बाबा रोज सकाळी ती दुकानात गेली की अंघोळीच्या बादलीतलं निम्मं पाणी राखून ठेवत. बादली उचलून, भिंतीला हात लावत, पायानं वाट चाचपत बाहेर येत. वासावरून एकेक रोप हुडकत आणि चंबूनं पाणी घालत. पोरीच्या जिवाला घोर होता, आणि त्या पोराचं काम व्हायला हवं होतं. झाडं कशी दिसताहेत हे बाबांना दिसत नव्हतं. वरची माती संध्याकाळपर्यंत उन्हानं कोरडी पडे. खाली चिकण माती सगळं धरून बसलेली असे.

तिनं बाबांना सांगितलं नाही, बाबांनी तिला. त्या घरात प्रेम करायची हीच रीत होती. एकमेकांना कळू न देता करायचं.

तो आला तेव्हा उन्हं कलली होती. ती फाटकाशीच उभी होती, सकाळपासून वेणी दोनदा घालून झाली होती. तो हसत आला. मग वाटेकडे पाहिलं, आणि हसू हळूहळू पुसलं गेलं.

लॅव्हेंडरचे देठ खालून काळे पडले होते. रोझमेरीची पानं हाताला लागताच गळत होती. बोगनवेलीला नुसतीच पानं, फूल एक नाही. तो गुडघ्यावर बसला, त्या सुबक आळ्यांवरून बोट फिरवलं, एक रोप अलगद उपटून मुळं नाकाशी धरली. तिलाही तो वास आला. कुजकट, ओल्या फडक्यासारखा.

"पाणी कुणी घातलं?"

"मी," ती म्हणाली.

"मी," ओसरीतून बाबा म्हणाले.

दोघंही एकदमच बोलले.  तिनं वळून बाबांकडे पाहिलं. बाबांचं तोंड तिच्या दिशेनं वळलं होतं, जरासं चुकून, दाराच्या चौकटीकडे.

"बाबा, तुम्ही?"

"तू कधी घालत होतीस गं?"

"संध्याकाळी."

"मी सकाळी..."

तो मातीत बसल्या बसल्या हसायला लागला. हसता हसता त्यानं मातीचे हात तसेच तोंडावर धरले. हात खाली घेतले तेव्हा तो हसत नव्हता.

बाबा चाचपडत आत गेले. दोघांना तिथं ठेवून जायचं एवढंच त्यांना सुचलं असावं.

"मी सांगितलं होतं," तो हळूच म्हणाला. रागावला असता तर सोपं झालं असतं.

"आई गेली ना..." ती त्याच्या हातातल्या रोपाकडे बघत होती. "ऑपरेशन झालं होतं. पाणी द्यायचं नाही असं सांगितलेलं. मला तर माहीतच होतं, माझं कामच ते. ती मागत होती. घोटभर दे गं, म्हणत होती. मी ओला कापूस ओठांवर फिरवत राहिले. नियम म्हणजे नियम. आणि ती त्यातच गेली. तुमची झाडं संध्याकाळी मान टाकून पडलेली असायची, आणि मला... मला नाही म्हणवेना हो. दुसऱ्यांदा नाही म्हणवेना."

 तो उठला, चाकू काढला आणि झाडांच्या शेंड्यांवरचे, अजून राखाडी असलेले कोवळे तुकडे कापून तिच्या ओंजळीत देऊ लागला.

"हे नुसत्या वाळूत टोचून ठेवा. काही जगतील. धरा नीट."

अंधार पडेपर्यंत दोघं कुजलेलं काढत राहिले. बोलणं झालं ते एवढंच, की इकडे द्या, हे धरा, काटा आहे, सांभाळा.

सकाळी समिती आली. पुढे सेक्रेटरीबाई, छत्री उघडून. मागे दोन सभासद, त्यांतले एक सारखे घड्याळ बघणारे.

"हे काय हो?" सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "बिनपाण्याची झाडं म्हणालात, आणि ही तर तहानेनं मेली!"

त्यानं तोंड उघडण्याआधीच ती पुढे झाली. "तहानेनं नाही. आम्ही पाणी घातलं, बाबांनी आणि मी. रोज. त्यांनी घालू नका म्हणून बजावलं होतं. चूक आमची आहे. पाण्यानंच मेली."

सेक्रेटरीबाईंनी छत्री या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"म्हणजे पाणी घालूनही मेली?"

"अहो, पाणी घातलं म्हणूनच..."

"हे बघ बाळ, पाणी घालून जी झाडं जगत नाहीत, ती पाण्यावाचून काय डोंबल जगणार? फरशी बरी. झाडली की झालं."

"फरशीला पाणी घालावं लागत नाही," घड्याळवाले म्हणाले, आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन निघाले.

त्यानं वाद घातला नाही. पायानं खडी सारखी करत तो उभा राहिला. समिती पुढच्या घराच्या दारात पोचल्यावर म्हणाला, "खरं बोललात. त्याचा काही उपयोग झाला नाही, ती गोष्ट वेगळी."

तो निघाला त्या सकाळी रस्त्यावर फरश्यांचा ट्रक उभा होता. माणसं फरश्या उतरवत होती आणि प्रत्येक फरशी खाली ठेवताना खण्ण आवाज होई. त्याच्या पाठीला पिशवी होती. बाबांच्या पाया पडून तो बाहेर आला. बाबांनी त्याच्या डोक्यावर ठेवलेला हात लवकर उचललाच नव्हता, हे तिनं आतून पाहिलं होतं.

फाटकापर्यंत ती बरोबर गेली.

"माझ्यामुळं झालं सगळं," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. ती दचकली. तो पुढे म्हणाला, "मीही त्यावर विचार करत होतो. उन्हाच्या लाटेत, पाण्याच्या टंचाईत, माणूस स्वतःच्या वाटणीचं पाणी काढून घालतो... एवढं पाणी कुणी परक्याच्या झाडांना घालत नाही, औषधबाई."

तिनं मान खाली घातली. "नाही घालत."

"मग झालं तर. मला समजायचं ते समजलं."

मागे फरशीचा आवाज झाला. ट्रकवाला कुणावर तरी ओरडला.

"तुम्ही काहीतरी विचारणार होतात," ती म्हणाली.

"काम मिळालं तर."

"तरीही विचारा. उत्तर काय द्यायचं ते माझं मी बघेन."

त्यानं पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला. परत केला. मग तिच्याकडे सरळ बघत, रोपाकडे नव्हे, खडीकडे नव्हे, म्हणाला, "माझ्याबरोबर येशील?"

'तुम्ही'चं 'तू' झालं, ते या वाक्यात. आणि तिला वाटलं, आपण आयुष्यभर या एका 'येशील'ची वाट बघत होतो.

तिनं वळून पाहिलं. ओसरीत बाबा खुर्चीचा हात शोधत होते. हात हवेत जरा इकडे, जरा तिकडे फिरला. मग सापडला. हे घर बाबांना हातानं पाठ होतं. दुसरं कुठलंही घर आता त्यांना पाठ होणार नव्हतं. तंबू तर नाहीच.

"नाही," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. त्याला माहीत असावं. तरी त्यानं विचारलं होतं, आणि त्याच्याबद्दल तिला त्या क्षणी फार माया वाटली.

"विचारलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "मला फार वर्षं पुरेल."

"थांब असं मी म्हणणार नाही."

"नको म्हणूस."

त्याच्या कपाळावर परत मातीचा पट्टा लागलेला होता. तिनं हात वर केला, अंगठ्यानं तो पुसला. भर रस्त्यात, ट्रकवाल्यांच्या देखत. त्यानं डोळे मिटून घेतले होते. मग ते उघडले आणि तो चालू लागला. कोपऱ्यावर त्यानं मागे पाहिलं की नाही, ते तिला कळलं नाही. फरश्या उचलणारा एक माणूस नेमका मधे आला.

ती परत ओसरीत येऊन पायरीवर बसली.

"गेला?" बाबांनी विचारलं.

"हो."

"आणि तू का नाही गेलीस?"

"चहा टाकू का, बाबा?"

"मी तुला अडवलं नसतं गं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच तर."

 बाबांनी हात पुढे केला, हवेत फिरवला, तिचा हात सापडल्यावर घट्ट धरून ठेवला. पलीकडे फरश्या उतरतच होत्या. तिचे डोळे वाहत होते. बाबांना ते दिसणार नव्हते, तरी तिनं तोंड दुसरीकडे फिरवूनच ते पुसले.